आज्ञावली लिहिणारे एआय सहायक: वेग वाढला, पडताळणीचा भारही वाढला

नवी दिल्ली : वस्तू आणि सेवा कराचे नवे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाले. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतांश वस्तूंसाठी संपुष्टात आले, ५ आणि १८ टक्के हे दोन मुख्य दर उरले आणि चैनीच्या तसेच आरोग्यास अपायकारक मानल्या गेलेल्या काही ठरावीक वस्तूंसाठी ४० टक्क्यांचा दर निश्चित झाला. जीएसटी परिषदेने हा निर्णय ३ सप्टेंबर रोजी घेतला होता. किराणा दुकानातील बिलाच्या यंत्रापासून मोठ्या उद्योगसमूहांच्या लेखाप्रणालीपर्यंत सर्वत्र संगणकाच्या आज्ञावलीत बदल करण्यासाठी त्यामुळे तीन आठवड्यांहूनही कमी अवधी मिळाला.

वरवर पाहता हे काम दोन-चार आकडे बदलण्याचे आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या कोडिंग सहायकाला ते सांगितले, तर शेकडो फायलींमध्ये विखुरलेले जुने दर तो काही मिनिटांत शोधून काढतो, त्या जागी नवे दर लिहितो आणि केलेल्या बदलांची यादीही देतो. मात्र ऑगस्टमध्ये विकलेला माल ग्राहकाने ऑक्टोबरमध्ये परत केला, तर त्याची क्रेडिट नोट मूळ बिलावरील दरानेच काढावी लागते. दर बदलण्याच्या सुमारास झालेल्या व्यवहारांत पुरवठा कधी झाला, बीजक कधी निघाले आणि रक्कम कधी मिळाली, या तारखांचा विचार करण्याचे नियम केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १४ मध्ये आहेत. म्हणजे जुने दर पुसून चालत नाही. ते कोणत्या तारखेपर्यंत लागू होते, या नोंदीसह जपून ठेवावे लागतात. ही अट कोणी सांगितली नाही, तर ‘दर बदला’ या आदेशाचे सहायक तंतोतंत पालन करतो आणि मागील वर्षाची सगळी बिले नव्या दराने मोजू लागतो.

दुसरी अडचण याहून साधी आहे. ज्या प्रारूपाचे प्रशिक्षण सप्टेंबर २०२५ पूर्वी संपले, त्याला हा बदल मुळातच ठाऊक नसतो. अधिसूचना समोर ठेवली नाही किंवा इंटरनेटवर शोध घेण्याची मुभा दिली नाही, तर ते १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे असलेली सुबक आज्ञावली लिहून देते. तिच्या मांडणीत कोठेही संकोच दिसत नाही. जुनी माहिती आणि अचूक माहिती एकाच आत्मविश्वासाने मांडली जाते, हा या साधनांचा स्थायीभाव आहे.

पुढचा शब्द, पुढची ओळ

या सहायकांच्या मुळाशी मोठी भाषा-प्रारूपे असतात. सार्वजनिकरीत्या उपलब्ध असलेला प्रचंड मजकूर आणि कोड वाचवून त्यांना प्रशिक्षित केले जाते. समोरचा मजकूर पाहून त्यापुढे काय येणे सर्वाधिक संभवनीय आहे, हे ती ठरवत जातात. गिटहब आणि ओपनएआय यांनी ‘कोपायलट’ची चाचणी आवृत्ती जून २०२१ मध्ये आणली, तेव्हा हा सहायक मुख्यतः अर्धवट लिहिलेली ओळ किंवा परिच्छेद पूर्ण करून देत असे. जून २०२२ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर चॅटजीपीटी आले. अलीकडची साधने ‘एजंट’ म्हणून ओळखली जातात. ती प्रकल्पातील फायली स्वतः उघडतात, बदल करतात, चाचण्या चालवतात, आलेली त्रुटी वाचतात आणि पुन्हा प्रयत्न करतात.

या प्रगतीचा वेग नाकारता येणार नाही. २०२३ मध्ये संशोधकांनी १२ खुल्या पायथन प्रकल्पांतील प्रत्यक्ष नोंदवलेल्या २,२९४ समस्या गोळा करून ‘एसडब्ल्यूई-बेंच’ नावाची कसोटी तयार केली. त्या वेळच्या सर्वोत्तम प्रारूपाला त्यांपैकी दोन टक्केही सोडवता आल्या नव्हत्या. त्याच संचातून निवडून तपासलेल्या ५०० समस्यांच्या आवृत्तीत आघाडीच्या प्रणालींनी २०२५ मध्ये ७० टक्क्यांचा टप्पा ओलांडला. मात्र या समस्या नामांकित, सुव्यवस्थित आणि जगासमोर असलेल्या प्रकल्पांतील आहेत. उत्तर बरोबर आहे की नाही, हे सांगणाऱ्या चाचण्या तेथे आधीपासून तयार असतात. एखाद्या सहकारी बँकेत पंधरा वर्षांत चार ठेकेदारांनी वाढवत नेलेली, कागदपत्रे नसलेली प्रणाली ही वेगळी गोष्ट असते.

यंत्राला कोड खरोखर ‘समजतो’ की नाही, हा वाद तत्त्वज्ञांसाठी राखून ठेवता येईल. बिल चुकले तर व्यापाऱ्याला त्या वादाचा उपयोग नसतो.

कोठे लाभ, कोठे विलंब

उपयोगाची क्षेत्रे आता बरीच स्पष्ट झाली आहेत. एका स्वरूपातील माहिती दुसऱ्या स्वरूपात नेणे, नेहमीच्या साच्यातील कोड लिहिणे, त्रुटीचा दुर्बोध संदेश उलगडून सांगणे, लिहिलेल्या भागासाठी चाचण्या तयार करणे, एकदाच वापरायची लहान आज्ञावली करून देणे ही कामे सहायक उत्तम करतो. अपरिचित भाषा शिकणाऱ्याला तो न कंटाळणारा शिक्षक ठरतो. इतरांनी लिहिलेला जुना कोड वाचताना होणारी मदत तर कदाचित सर्वांत मोलाची आहे. बँकिंग आणि विमा क्षेत्रातील अनेक प्रणाली आजही कोबोलमध्ये चालतात. ती भाषा लिहिणारी पिढी निवृत्त होत असताना, एखादा हजार ओळींचा भाग नेमके काय करतो याचा पहिला मसुदा काही क्षणांत मिळणे ही मोठी सोय आहे.

या सर्व कामांत एक साम्य आहे. निकाल बरोबर आहे की चूक, हे चटकन कळते. रूपांतरित केलेली फाइल उघडून पाहता येते, चाचणी उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण होते, एकदाच वापरायची आज्ञावली चालते किंवा चालत नाही. तपासणी जितकी स्वस्त, तितका सहायक लाभदायक. तपासणीलाच लिहिण्याइतका किंवा त्याहून अधिक वेळ लागणार असेल, तर हिशेब उलटतो.

उपलब्ध संशोधनातील परस्परविरोधी वाटणारे निष्कर्ष या दृष्टीने पाहिले तर फारसे विरोधी राहत नाहीत. कोपायलटच्या परिणामांविषयीच्या एका प्रयोगात ९५ प्रोग्रामरना जावास्क्रिप्टमध्ये एक साधा वेब सर्व्हर नव्याने लिहिण्यास सांगण्यात आले. सहायक वापरणाऱ्या गटाने हे काम ५५.८ टक्के कमी वेळात पूर्ण केले. हा प्रयोग साधनाच्या निर्मात्यांशी संबंधित संशोधकांच्या सहभागाने झाला होता, हे लक्षात घ्यायला हवे; पण निष्कर्ष अविश्वसनीय नाही. काम आटोपशीर होते, नवे होते आणि पूर्ण झाले की नाही ते लगेच कळत होते.

अमेरिकेतील ‘मेटर’ या संशोधन संस्थेने जुलै २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चित्र वेगळे होते. खुल्या प्रकल्पांवर अनेक वर्षे काम करणाऱ्या १६ अनुभवी विकासकांना त्यांच्याच प्रकल्पांतील २४६ कामे देण्यात आली. प्रत्येक कामात एआय वापरायचे की नाही, हे यदृच्छेने ठरवले गेले. एआय वापरल्यास वेळ २४ टक्क्यांनी वाचेल, असा या विकासकांचा आधीचा अंदाज होता. प्रत्यक्षात एआय वापरलेल्या कामांना १९ टक्के अधिक वेळ लागला. सर्वांत विचार करायला लावणारी बाब म्हणजे, काम संपल्यानंतरही आपला वेळ सुमारे २० टक्क्यांनी वाचला, असेच त्यांना वाटत होते. सहायकाने सुचवलेल्या कोडपैकी निम्म्याहून कमी भाग स्वीकारला गेला. उरलेला वाचण्यात, पारखण्यात आणि फेटाळण्यात वेळ गेला. अभ्यास लहान होता, साधने २०२५ च्या आरंभीची होती आणि हा निष्कर्ष सरसकट सर्वांना लावू नये, असे संस्थेनेच बजावले आहे. तरीही, वेग वाढल्याची भावना आणि वेग वाढणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून मोजमापासह पुढे आले. कर्मचाऱ्यांच्या पसंतीवरून उत्पादकता ठरवणाऱ्या व्यवस्थापनांनी याची नोंद घ्यायला हरकत नाही.

स्टॅक ओव्हरफ्लोच्या २०२५ च्या वार्षिक पाहणीतही हा दुभंग दिसतो. ८४ टक्के प्रतिसादकांनी एआय साधने वापरत असल्याचे किंवा वापरण्याचा विचार असल्याचे सांगितले. त्याच वेळी ४६ टक्क्यांनी त्यांच्या अचूकतेवर अविश्वास व्यक्त केला आणि विश्वास दाखवणारे सुमारे ३३ टक्केच होते. सर्वाधिक तक्रार ‘जवळजवळ बरोबर, पण पूर्ण नव्हे’ अशा उत्तरांबद्दल होती. उघड चुकीचे उत्तर लगेच टाकून देता येते. जवळजवळ बरोबर असलेले उत्तर मात्र स्वीकारले जाते आणि त्याची किंमत काही आठवड्यांनी, बहुधा दुसऱ्याच कोणाला तरी चुकवावी लागते.

अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ फ्रेड ब्रूक्स यांनी १९८६ मध्ये ‘नो सिल्व्हर बुलेट’ या निबंधात सॉफ्टवेअर निर्मितीतील अडचणींचे दोन भाग केले होते. एक भाग साधनांच्या अपुरेपणामुळे येणारा, म्हणून आनुषंगिक. दुसरा विषयाच्याच गुंतागुंतीतून येणारा, म्हणून मूलभूत. पहिला भाग कितीही कमी केला तरी दुसरा उरतोच, हे त्यांचे प्रतिपादन होते. जीएसटीच्या उदाहरणात आकडे बदलणे हा पहिला भाग, तर कोणत्या व्यवहाराला कोणता दर, हा दुसरा. सहायक पहिल्या भागाचे ओझे लक्षणीय कमी करतो. दुसऱ्या भागातही तो मदत करू शकतो, पण प्रश्न कोणी तरी विचारावा लागतो.

‘कमल’ चालते, ‘सुनीता’ चालत नाही

भारतीय भाषांच्या बाबतीत या मर्यादेला एक खास पैलू आहे. अर्जातील नावाच्या रकान्यात फक्त अक्षरेच भरली जावीत, अंक किंवा चिन्हे नकोत, अशी तपासणी करण्याचा एक प्रचलित नमुना आहे. युनिकोड प्रमाणकात ‘अक्षर’ म्हणून वर्गीकृत असलेलीच चिन्हे तो स्वीकारतो. इंग्रजीतील बहुतांश नावांसाठी हा नमुना चालून जातो. देवनागरीत मात्र क, म, ल ही व्यंजने ‘अक्षर’ गटात येतात, तर काना, वेलांटी, उकार आणि हलन्त ही चिन्हे ‘जोडखूण’ या वेगळ्या गटात. परिणामी ‘कमल’ आणि ‘मदन’ ही नावे स्वीकारली जातात, ‘सुनीता’ आणि ‘विठ्ठल’ नाकारली जातात. चाचणी घेणाऱ्याने योगायोगाने ‘कमल’ हेच नाव टाकून पाहिले, तर दोष उघडकीस येत नाही आणि अर्ज थेट जनतेसमोर जातो.

अक्षरे मोजण्याचीही तीच गत. ‘नमस्ते’ हा शब्द वाचणाऱ्याला तीन अक्षरांचा दिसतो. पायथन किंवा जावास्क्रिप्टमध्ये त्याची लांबी सहा भरते, कारण हलन्त आणि मात्रा स्वतंत्र मोजल्या जातात. ठरावीक लांबीनंतर मजकूर तोडणारी आज्ञावली असेल, तर जोडाक्षराच्या मधोमध कात्री चालते. एसएमएसमध्ये किंवा छापील पावतीवर नावाच्या शेवटी लोंबकळणारा पाय मोडका हलन्त अनेकांनी पाहिला असेल. त्याचे मूळ बहुधा येथे असते.

यात लक्ष वेधणारी गोष्ट अशी की, ही माहिती सहायकाकडे नसते असे नाही. ‘हा रकाना देवनागरीतील नावांसाठी आहे, मात्रा व जोडाक्षरे चालली पाहिजेत’ एवढे सांगितले, की तो नमुना दुरुस्त करतो आणि कारणही समजावतो. प्रशिक्षणासाठी वापरलेल्या कोडमध्ये इंग्रजी नावे, डॉलर आणि जानेवारी ते डिसेंबरचे वर्ष यांचे प्राबल्य असल्याने, न सांगता त्याची धाव तिकडे असते. एप्रिल ते मार्चचे आर्थिक वर्ष, लाख-कोटींचा स्वल्पविराम किंवा आडनाव नसलेले नाव या गोष्टी त्याला मुद्दाम सांगाव्या लागतात. म्हणजे त्या आधी सांगणाऱ्याला सुचाव्या लागतात.

सुरक्षेची बाजू

चुकीचा निकाल निदान दिसतो. असुरक्षित कोड मात्र अपेक्षेप्रमाणे चालत राहतो, म्हणून हा विषय अधिक गंभीर आहे. न्यूयॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये कोपायलटला सुरक्षेच्या दृष्टीने नाजूक अशा ८९ प्रसंगांत कोड लिहायला लावले. तयार झालेल्या १,६८९ आज्ञावलींपैकी सुमारे ४० टक्क्यांमध्ये कच्चे दुवे आढळले. नंतरची प्रारूपे बरीच सुधारली आहेत. पण सार्वजनिक कोडमधील वाईट सवयी त्यांच्या शिदोरीत आहेतच. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०२२ मधील अभ्यासात सहायक वापरणाऱ्यांनी कमी सुरक्षित कोड लिहिला आणि तो अधिक सुरक्षित असल्याचे मात्र त्यांनाच अधिक वाटले.

एक धोका तर या साधनांसोबतच जन्माला आला. आजची कोणतीही आज्ञावली इतरांनी लिहून सार्वजनिक भांडारात ठेवलेल्या अनेक ‘पॅकेज’वर उभी असते. सहायक कधी कधी अस्तित्वात नसलेल्या पॅकेजचे नाव सुचवतो. अमेरिकी विद्यापीठांतील संशोधकांनी १६ प्रारूपांकडून ५ लाख ७६ हजार नमुने लिहून घेतले, तेव्हा सुचवलेल्या पॅकेजपैकी १९.७ टक्के काल्पनिक निघाली. व्यावसायिक प्रारूपांत हे प्रमाण सरासरी ५.२ टक्के, खुल्या प्रारूपांत २१.७ टक्के होते. शिवाय हीच काल्पनिक नावे पुन्हा पुन्हा येतात. एखाद्या गुन्हेगाराने तेच नाव भांडारात नोंदवून त्याखाली घातक कोड ठेवला, तर सहायकाचा सल्ला डोळे मिटून मानणारा विकासक तो स्वतःच्या हाताने कंपनीच्या संगणकावर आणतो.

एजंटांना थेट कृती करण्याचे अधिकार दिल्यावर चुकीचे स्वरूपही बदलते. जुलै २०२५ मध्ये अमेरिकी उद्योजक जेसन लेम्किन यांनी रेप्लिट या मंचावरील एजंटचा अनुभव जाहीरपणे मांडला. कोडमध्ये कोणताही बदल करू नये, अशी स्पष्ट सूचना असताना एजंटने प्रत्यक्ष वापरातील विदागार पुसून टाकले आणि ते परत मिळवता येणार नाही, असेही सांगितले. प्रत्यक्षात ते परत मिळाले. रेप्लिटचे प्रमुख अमजद मसाद यांनी ही घटना अस्वीकारार्ह असल्याचे मान्य करून चाचणीचे आणि प्रत्यक्ष वापराचे विदागार आपोआप वेगळे ठेवण्याची व्यवस्था जाहीर केली. अनुभवी अभियंत्यांना या उपायात नवे काही दिसणार नाही. नवशिक्या कर्मचाऱ्याला पहिल्या दिवशी मुख्य विदागाराची किल्ली देऊ नये, हा नियम या क्षेत्रात फार जुना आहे.

गोपनीयतेचा मुद्दाही आहे. सॅमसंगच्या काही कर्मचाऱ्यांनी अंतर्गत कोड चॅटजीपीटीत टाकल्याचे २०२३ मध्ये समोर आल्यावर कंपनीने अशा साधनांच्या वापरावर निर्बंध आणले होते. आता कंपन्यांसाठी स्वतंत्र करारांची सोय असली, तरी घाईच्या वेळी खासगी खात्यावर कोड चिकटवण्याचा मोह संपलेला नाही.

भारतासाठी प्रश्न नव्या भरतीचा

नॅसकॉमच्या अंदाजानुसार २०२४-२५ मध्ये भारतीय तंत्रज्ञान उद्योगाची उलाढाल सुमारे २८३ अब्ज डॉलर आणि मनुष्यबळ सुमारे ५८ लाख होते. पुणे, बेंगळूरु, हैदराबाद, चेन्नई, नोएडा येथील या उद्योगाची रचना पिरॅमिडसारखी राहिली आहे: तळाशी मोठ्या संख्येने नवपदवीधर, वर मोजके अनुभवी. तळाकडे दिली जाणारी साच्यातील कोड, चाचण्या आणि किरकोळ दुरुस्त्या ही कामे नेमकी तीच आहेत, जी सहायक सर्वांत चांगली करतो.

टीसीएसने जुलै २०२५ मध्ये सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर पदे कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा याचे कारण एआयमुळे वाढलेली उत्पादकता नसून कौशल्यांचा मेळ न बसणे हे आहे, असे कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी के. कृतिवासन यांनी स्पष्ट केले होते. अमेरिकेतील वेतननोंदींवर आधारित स्टॅनफर्डच्या ऑगस्ट २०२५ मधील संशोधनात मात्र २२ ते २५ वयोगटातील सॉफ्टवेअर विकासकांचा रोजगार २०२२ च्या अखेरच्या उच्चांकापासून जवळपास २० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. अनुभवी गटात तशी घट नव्हती. व्याजदर आणि करोनाकाळातील अतिरिक्त भरतीचा वाटा यात किती, यावर अर्थतज्ज्ञांचा वाद सुरू आहे.

वाद कसाही मिटो, एक व्यावहारिक पेच उरतो. सहायकाने लिहिलेल्या कोडमधील ‘सुनीता’ची चूक ओळखणारा अभियंता अशा चुका स्वतः करून, त्या निस्तरूनच तयार झालेला असतो. ती पहिली तीन-चार वर्षेच वगळली, तर पुढच्या दशकात तपासणी करणारे कोठून येणार, याचे उत्तर कोणत्याही कंपनीच्या तिमाही ताळेबंदात सापडत नाही. संगणकतज्ज्ञ आंद्रेई कार्पाथी यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘वाइब कोडिंग’ हा शब्दप्रयोग रूढ केला आणि कॉलिन्स शब्दकोशाने तो त्या वर्षाचा शब्द ठरवला. कोड न वाचता केवळ सूचना देत राहण्याची ही पद्धत शनिवार-रविवारच्या फेकाऊ प्रकल्पांसाठी ठीक आहे, असे कार्पाथी यांनी तेव्हाच म्हटले होते. शब्द पसरला, ही पुस्ती तितकी पसरली नाही.

कायद्याच्या दृष्टीने कोड कोणी लिहिला याला महत्त्व नाही. सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत ती सर्ट-इनला कळवण्याचे बंधन संस्थेवर २०२२ पासून आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ नुसार पुरेशी सुरक्षा न राखल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून प्रमुख तरतुदी अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये अमलात येतील. नागरिकांची माहिती हाताळणाऱ्या प्रत्येक संस्थेला तोवर आपल्या प्रणालीतील कोणता भाग कोणी तपासला आहे, याची नोंद तयार ठेवणे हिताचे ठरेल.